मदत हवी आहे: एका डोळ्यात मोनोफोकल आहे, दुसऱ्यात कोणती लेन्स बसवावी?

नमस्कार मंडळी,

नानांच्या (माझे वडील, वय ६६) डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. लेन्सवरून घरात एकमत होत नाही, म्हणून इथे विचारतोय.

आम्ही रावेर तालुक्यातले, केळीवाले. उजव्या डोळ्यात ४ वर्षांपूर्वी साधी मोनोफोकल (एकाच अंतराचं स्पष्ट दाखवणारी लेन्स) बसवली, लांबचं लख्ख दिसतं. परवा दोरीवर वाळत घातलेलं धोतर त्यांना एकेक डोळा झाकून बघायला लावलं. उजव्याने पांढरंशुभ्र, डाव्याने हळद लागल्यासारखं! पण जवळचं चष्म्याशिवाय नाही. केळीच्या पानावर करपा रोगाचे पहिले पिवळे ठिपके दिसत नाहीत, औषधाच्या बाटलीवरचं प्रमाण वाचता येत नाही. शेतात चष्मा घामाने घसरतो.

डॉक्टरांनी मोनोफोकल, ईडॉफ आणि मल्टिफोकल असे पर्याय सांगितले. सिलिंडरचा नंबर नगण्य, त्यामुळे टोरिक (तो नंबर घालवणारी लेन्स) नको. मला समजलं ते असं, की मल्टिफोकल डोळ्यात येणारा उजेड लांबच्या आणि जवळच्या नजरेत वाटून देते. चष्मा बहुतेक सुटतो, पण कमी उजेडात वस्तू तितकी उठून दिसत नाही. ईडॉफमध्ये तो त्रास सहसा कमी, हातभर अंतरावरचं चांगलं दिसतं, बारीक अक्षराला मात्र चष्मा लागू शकतो.

भुसावळच्या मामांच्या दोन्ही डोळ्यांत मल्टिफोकल आहे. पेपर बिनचष्म्याचा वाचतात, पण रात्री समोरून ट्रक आला की चंद्राला पडतं तसं खळं दिव्यांभोवती दिसतं, म्हणतात.

आमचं घोडं तिथेच अडलंय. थ्री फेज लाईट (शेतीपंपाची वीज) रात्रीची असली की नाना एक-दीडला मोटारसायकल काढून मोटर चालू करायला जातात, तेही बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरून. कितीदा सांगितलं, ऐकत नाहीत. "मले रातचं दिसलं पाहिजे, पेपर चष्म्यानं वाचीन," एवढंच त्यांचं म्हणणं. आईला औषधाच्या प्रमाणाची धास्ती आहे, आणि तिचंही खरंच आहे.

शिवाय शुगर ११ वर्षांपासूनची. डोळ्याच्या पडद्याची तपासणी झाली, सध्या दोष नाही. पण पुढे पडद्याला सूज आली तर मल्टिफोकलने नजर आणखी फिकी पडेल, ही भीती मला सोडत नाही.

कुणाच्या एका डोळ्यात मोनोफोकल आणि दुसऱ्यात ईडॉफ किंवा मल्टिफोकल आहे का? दोन डोळ्यांच्या दिसण्यातला फरक जाणवतो का, सवय व्हायला किती दिवस लागले? रात्री गाडी चालवता का? डाव्यातही मोनोफोकलच, पण नंबर थोडा जवळचा ठेवून कुणी बसवली असेल तर तेही कळवा. शेवटचा शब्द डॉक्टरांचाच, पण रात्रीच्या रस्त्यावर नेमकं कसं दिसतं ते लेन्स बसवलेल्या माणसाकडून ऐकायचंय. एकदा बसलेली लेन्स बदलायची म्हणजे पुन्हा ऑपरेशन.

मंगळवारी लेन्सचा नंबर काढायला जायचंय, त्याआधी लिहिलंत तर फार उपकार होतील.