गाण्याआधीची नावं

कुणीतरी म्हटलंय की गायक गेला की वाहिन्या दिवसभर अंत्यदर्शनाची गर्दी दाखवतात आणि गाणी तुकड्यातुकड्यांनी वाजवतात. अगदी पटलं. ६ फेब्रुवारी २०२२ला लतादीदी गेल्या तेव्हा नौपाड्यातल्या आमच्या घरी आईने दुपारीच टीव्ही बंद करून विविध भारती लावली. गाणं पूर्ण, आणि त्याआधी गीतकार-संगीतकाराचं नाव. एवढंच तर हवं असतं हो!

एक भर घालतो. १९४९च्या 'महल' चित्रपटाच्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' हे पात्राचं नाव छापलं होतं. ही गाते कोण, असं श्रोत्यांनी रेडिओला विचारलं, तेव्हा लताबाईंचं नाव लोकांपर्यंत पोचलं. म्हणूनच श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात निवेदक गाणं चालू असतानाच बोलत राहतो आणि नावं गाळतो, ते मला फार लागतं.