इमर्जन्सी काउंटरची ड्युटी लागली आहे (इंदूर), ओपीडीपेक्षा वेगळं काय?

नवा_काउंटर
नमस्कार मंडळी. इंदूरच्या एका खासगी हॉस्पिटलात ओपीडी बिलिंगला आहे. आता इमर्जन्सीच्या रजिस्ट्रेशनला बदली झालीय, नाइटसकट. सॉफ्टवेअर तेच आहे, त्याची चिंता नाही. विचारायचंय ते एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवावी लागते ती), बेशुद्ध अवस्थेत आणलेले पेशंट आणि पैसे भरायच्या आधीचं अ‍ॅडमिशन याबद्दल. "हळूहळू कळेल" सोडून काहीही सांगा.

रेकॉर्डरूम_ताई
सगळ्यात आधी वेळ. ओपीडीत पर्ची फाटली की पेशंट आत जातो, इथे उलटं. छातीत दुखतंय, श्वास लागलाय, तोंड वाकडं झालंय, असं कोणी म्हणालं की नाव विचारायच्या आधी नर्सला हाक मारायची. कोण आधी, कोण नंतर हे ट्रायेजची नर्स ठरवणार, तुम्ही नाही. त्यामुळे रजिस्ट्रेशन मागाहून होतं आणि कॉम्प्युटर छापतो ती तुम्ही बटण दाबल्याची वेळ. ईसीजीवर ९.४२ आणि रजिस्ट्रेशन १०.०५ चं, असा कागद विम्याच्या क्लेमला गेला की क्वेरी आलीच. म्हणून पेशंट दारातून आत आला ती वेळ भिंतीवरच्या घड्याळात बघून लगेच टिपायची आणि "आगमन वेळ" हा रकाना हाताने भरायचा. चोवीस तासांची पद्धत ठेवा. रात्री बारानंतर तारीख बदलते, तिथे हमखास घोळ होतो.

एमएलसी करायची की नाही, हा डॉक्टरचा निर्णय. अपघात, मारहाण, भाजणं, विषबाधा दिसली की तुम्ही फक्त लक्षात आणून द्यायचं. "पोलीस नको" असं नातेवाईक तुम्हाला सांगतील, कारण काचेच्या बाहेरून पहिले तुम्हीच दिसता. हो-नाही काही न म्हणता डॉक्टरकडे पाठवा. रजिस्टरमध्ये पानांचे नंबर छापलेले असतात. पान फाडायचं नाही, व्हाइटनर लावायचं नाही. चूक झाली तर एक आडवी रेघ, जुना शब्द वाचता आला पाहिजे, बाजूला सही आणि वेळ. काय घडलं हे आपल्या शब्दांत लिहू नका. "सोबतच्या व्यक्तीच्या सांगण्यानुसार" लिहून ती जे बोलली तेच.

घटनास्थळाला नुसतं "बायपास" लिहिलेलं उपयोगाचं नाही. राऊकडे, तेजाजीनगरजवळ की मांगलियाच्या बाजूला, हे विचारा. इंटिमेशन, म्हणजे एमएलसीची पोलिसांना लेखी खबर, आपल्या हॉस्पिटलच्या हद्दीतल्या थान्याला जातं, पण पुढे प्रकरण कुठल्या थान्याकडे जायचं ते या एका ओळीवर ठरतं. कागद घेणाऱ्या शिपायाचं नाव, बकल नंबर, सही आणि वेळ घेतल्याशिवाय कॉपी फाइलला लावू नका. नुसता फोन केला असेल तर कोणाशी बोललात आणि किती वाजता, तेही लिहा.

रस्त्यावरच्या माणसाने जखमीला आणलं असेल तर त्याला अडवायचं नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आलं आहे. त्याच्यावर नाव-पत्ता देण्याची सक्ती नाही, डिपॉझिट तर मागायचंच नाही. "वाटसरूने आणले, ओळख देण्यास नकार" एवढं पुरे.

मास्टर_इंडेक्स
ताईंनी बेशुद्ध पेशंटचं राहू दिलंय. एकाच अपघातातले दोन अनोळखी आले आणि दोघांना नुसतं "अननोन" लिहिलं, तर रक्ताचे नमुने अदलाबदल होतात. नावाच्या जागी "अज्ञात पुरुष", तारीख आणि त्या दिवसाचा क्रमांक, वय अंदाजे. मनगटाच्या पट्टीवरही तेच. ओळख पटली की नवीन यूएचआयडी (पेशंटचा हॉस्पिटलमधला ओळख नंबर) काढायचा नाही, त्याच नंबरात नाव बदलायचं. एमएलसी रजिस्टरात मात्र जुनी नोंद तशीच ठेवून खाली कोणी ओळखलं, कुठलं ओळखपत्र बघितलं, किती वाजता, हे लिहायचं. दोन नंबर झालेच तर स्वतः मर्ज करू नका. चुकीच्या मर्जने दुसऱ्याच माणसाचा रक्तगट फाइलवर चढतो.

आपल्या मराठी घरांचा एक वेगळा ताप आहे. लग्नात नाव बदललेल्या आजीबाई घरात मालती आणि आधारवर कुसुम. मुलगा घाईत मालतीच सांगतो, आयुष्मान कार्ड कुसुमच्या नावाचं, आणि डिस्चार्जच्या दिवशी सगळे काउंटरवर. म्हणून "आधारवर काय नाव आहे?" असाच प्रश्न टाका. ज्ञानेश्वर शोधताना डी-एनने आणि जी-वायने, दोन्ही स्पेलिंगने शोधा. सापडलं नाही तर मोबाइल नंबरने. मगच नवीन फाइल. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधल्या नावात घालू नका, इथल्या फॉर्ममध्ये त्याला वेगळा रकाना असतो.

टीपीए_डेस्क
पैशांचं थोडक्यात. इमर्जन्सी उपचार डिपॉझिटसाठी थांबत नाहीत. सुप्रीम कोर्टाचा परमानंद कटारा निकाल १९८९ चा आहे. पण कार्ड पहिल्या तासातच विचारा: आयुष्मान, ईएसआय (कामगार विमा), की खासगी पॉलिसी. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान मिळतं, हे पुष्कळ घरांना माहीतच नसतं. कॅश म्हणून अ‍ॅडमिशन झालं आणि तिसऱ्या दिवशी कार्ड निघालं, की त्या आधीच्या बिलांवरून भांडण ठरलेलं. खासगी पॉलिसीत कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय द्यायचा, असा विमा नियामकाचा २०२४ चा आदेश आहे, पण तो तास अर्ज पोचल्यावर सुरू होतो. रात्री दोनला आलेल्याचा फॉर्म सकाळच्या पाळीवर ढकलू नका.

नवा_काउंटर
खूपच कामाचं. सर्व्हर बंद पडला तर? आणि पेशंटच्या अंगावरचे दागिने कोणाकडे?

रेकॉर्डरूम_ताई
सर्व्हरसाठी आधीच नंबर छापलेल्या स्लिपांचा गठ्ठा खणात हवा. तोच नंबर पट्टीवर, नमुन्यावर आणि एक्स-रेवर. सर्व्हर आला की क्रमाने चढवायच्या, वेळ स्लिपवरचीच. गठ्ठा संपत आला की स्टोअरला कळवणं बहुतेक ठिकाणी कोणाचंच काम नसतं. तुम्ही ते आपलं समजा.

दागिने नर्स उतरवते, यादी दोन साक्षीदारांसमोर होते. तुमच्याकडे यादी लिहायला आली तर "सोन्याची बांगडी" कधीच लिहू नका, "पिवळ्या धातूची बांगडी, नग २" लिहा. खरं-खोटं आपण पारखलेलं नाही. मंगळसूत्रात काळे मणी असतील तर तेही लिहा, वाट्या किती तेही. नोटा असतील तर कितीच्या किती, हे वेगवेगळं. पाकीट सील करून त्यावर सह्या, आणि परत देताना घेणाऱ्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स.

मास्टर_इंडेक्स
एक भर. मृतावस्थेत आणलेल्या माणसाची आगमन वेळ म्हणजे मृत्यूची वेळ नव्हे. डॉक्टरने मृत घोषित केल्याची वेळ वेगळी लिहायची. नातेवाइकांनी कितीही विनवण्या केल्या तरी काउंटरवरून कुठलाही "मृत्यूचा दाखला" म्हणून कागद द्यायचा नाही; आधी डॉक्टर, आणि एमएलसी झाली असेल तर पोलीस.