लेक अकराव्या वर्षी बोर्डिंगला निघाली आहे, तिथे राहिलेल्यांनी सांगाल का?

थेम्सकाठी:
नमस्कार. आम्ही रीडिंगला राहतो, मूळचे साताऱ्याचे. लेकीला येत्या सप्टेंबरपासून ससेक्समधल्या क्राइस्ट्स हॉस्पिटल शाळेत प्रवेश मिळालाय. फीचा मोठा भाग बर्सरीतून, म्हणजे शाळेच्या आर्थिक मदतीतून, सुटणार आहे. परीक्षा तिने स्वतःच्या हट्टाने दिली आणि ती आनंदात आहे. मला मात्र रात्री झोप नाही. माझा भाऊ साताऱ्याच्या सैनिक स्कूलला होता, त्यामुळे ट्रंक, शिट्टी आणि पहाटेची पीटी एवढं ठाऊक आहे. इंग्लंडच्या शाळांचे रीतिरिवाज कसे असतात? मुलीला काय जड जातं? आणि तिचं मराठी टिकेल का?

हॉर्शमकर:
अभिनंदन! माझं घर तिथून जवळच आहे. शाळेच्या नावाचं रेल्वे स्टेशनच आहे, तेव्हा भेटायला जाणं सोपं. शाळा १५५२ साली सहाव्या एडवर्ड राजाच्या काळात लंडनच्या गरीब आणि पोरक्या मुलांसाठी सुरू झाली, १९०२ मध्ये हॉर्शमला आली. हर्टफर्डला मुलींची वेगळी शाखा होती, ती १९८५ मध्ये इथे मिळवली. लांब निळा कोट, गळ्याशी पांढऱ्या पट्ट्या आणि पिवळे पायमोजे हा वेश ट्यूडर काळापासूनचा, म्हणजे सोळाव्या शतकापासूनचा आहे आणि तो शाळाच देते, त्यामुळे कोणाची ऐपत किती ते कपड्यांवरून कळत नाही. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. दुपारी शाळेच्या बँडच्या तालावर सगळी मुलं रांगेने जेवायला जातात. सप्टेंबरात सेंट मॅथ्यूच्या दिवशी लंडनच्या जुन्या शहरातून संचलन असतं. ते चुकवू नका.

जुनी_ट्रंक:
मीही ससेक्समध्येच होते, १९८५ ते १९९०, पण मुलींच्या एका लहान शाळेत. बाबा झांबियात किटवेला तांब्याच्या खाणीवर इंजिनिअर होते. तिथल्या बऱ्याच परदेशी कुटुंबांतली मुलं अकरा वर्षांची झाली की इंग्लंडला जायची, तशी मी गेले. गळ्यात प्लास्टिकचं पाकीट, त्यात पासपोर्ट.

माझी पहिली आठवण नावाच्या पट्ट्यांची. तेव्हा कॅश कंपनीच्या विणलेल्या पट्ट्या मिळायच्या, पांढऱ्यावर लाल अक्षरं. यादीतल्या प्रत्येक कपड्याला एक, अगदी जोडीतल्या एकेका मोज्यालाही. आई आठ दिवस व्हरांड्यात बसून त्या शिवत होती. शाळेत पहिल्या रात्री मला रडू आलं नाही. दुसऱ्या रात्री मोजे काढताना आईचे टाके दिसले आणि आलं.

दिवस घंटेवर चालायचा. अंथरुणाचे कोपरे दवाखान्यातल्यासारखे दुमडून खोचायचे, मेट्रन, म्हणजे वसतिगृहात आमची देखभाल करणारी बाई, बोट घालून बघायची. जेवणाआधी सगळ्या उभ्या राहायच्या आणि हेडमिस्ट्रेस लॅटिनमध्ये दोनच शब्द म्हणायच्या, ‘बेनेडिक्टस बेनेडिकाट’. मी मनात ‘वदनी कवळ घेता’ सुरू करायची, पण पहिली ओळ संपायच्या आत खुर्च्या सरकायच्या. संध्याकाळी ‘प्रेप’, म्हणजे गप्प बसून अभ्यास. खाऊची कुलपाची पेटी ती ‘टक बॉक्स’. माझ्या पेटीत हॉर्लिक्सच्या बाटलीत लिंबाचं लोणचं होतं. उकडलेल्या बटाट्याशी ते आमच्या सबंध डॉर्मने पंधरा दिवसांत संपवलं.

जड जायचं ते ‘एक्सिअॅट’. म्हणजे मुलींना घरी सोडायचा शनिवार-रविवार. दारात गाड्यांची रांग लागायची आणि आम्ही दूरच्या चार-पाच जणी जिन्यावर बसून बघायचो. मग आमचे गार्डियन न्यायला यायचे. माझे म्हणजे क्रॉयडनचं एक गुजराती कुटुंब. त्यांच्या खिचडीची चव अजून जिभेवर आहे. तुम्ही रीडिंगला आहात, तेव्हा निदान हे दुःख लेकीच्या वाट्याला नाही.

१५ ऑक्टोबर १९८७च्या रात्री मोठं वादळ आलं. खिडक्या थडथडत होत्या, आम्ही गाद्या ओढून पॅसेजमध्ये झोपलो. सकाळी मैदानाच्या कडेची जुनी झाडं मुळांसकट आडवी पडलेली. वीज कित्येक दिवस नव्हती. मेट्रनने जॅमच्या रिकाम्या बरण्यांत मेणबत्त्या लावून जिन्याच्या पायरीपायरीवर ठेवल्या. दिवाळी आठवड्यावर आली होती. मी मैत्रिणींना म्हटलं, आमच्याकडे असंच करतात, मुद्दाम. त्या शाळेत माझ्या घराबद्दल मी आपणहून सांगितलेली ती पहिली गोष्ट.

आता मराठीचं. रविवारी चॅपल झालं की पाऊण तास पत्र लिहायचं, हा नियम होता. मी निळ्या एअरोग्रामवर, म्हणजे घडी घालून पाकीट होणाऱ्या विमानटपालाच्या कागदावर, मराठीतून लिहायची. आईने ती सगळी पत्रं जपली, ती गेल्यावर बिस्किटाच्या डब्यात सापडली. १९८५चं पत्र: ‘ओठ फुटलेत, तूप लावू का?’ १९८८चं: ‘मी हॉकीची टीम बनवली.’ मला म्हणायचं होतं की संघात निवड झाली. आईला वाटलं मी संघ उभारला, तिने भरभरून कौतुक लिहिलं. शेवटच्या वर्षाची पत्रं सबंध इंग्रजीत, फक्त खाली ‘तुझी’ मराठीत. आईने मात्र एकही उत्तर इंग्रजीत लिहिलं नाही. पुढे मी मराठी परत शिकले ते तिची पत्रं वाचूनच. तिने माझी चूक कधी काढली नाही. मला आज वाटतं, काढायला हवी होती. तुम्ही काढा, प्रेमाने, पण काढा. आणि फोन रोज असला तरी आठवड्याला एक पत्र कागदावर पाठवा.

विदर्भी_काका:
ताई, दुसरी बाजूही सांगतो. मी १९७२ला मुलांच्या एका शाळेत गेलो. नव्या मुलाने वरच्या वर्गातल्या मुलाचे बूट पुसायचे, टोस्ट भाजायचे, याला परंपरा म्हणत. छडी होतीच. सरकारी शाळांतली छडी १९८६च्या कायद्याने गेली, इंग्लंडातल्या सगळ्या खासगी शाळांतून जायला १९९८चा कायदा यावा लागला. आता काळ बदललाय, पण लेकीशी घरचा एक शब्द ठरवून ठेवा. फोनवर ती तो शब्द म्हणाली की कारण न विचारता गाडी काढायची. मला असा शब्द कोणी दिला नव्हता.

थेम्सकाठी:
काका, शब्द ठरला. लेकीनेच निवडला, इथे लिहीत नाही. जुनी_ट्रंक, तुमचं लिहिणं मी तिला वाचून दाखवलं. घरच्या कपड्यांना नावं शिवायला काल घेतली. ती विचारते, पट्टीवर नाव मराठीत चालेल का?

जुनी_ट्रंक:
कपडे धुणाऱ्या बाईंना वाचता यायला हवं, म्हणून वर इंग्रजीच असू दे. त्याच्या खाली, आतल्या बाजूला, मराठीत शिवा. आणि हो, मोज्यांना दोन्ही.