रेसला नाव न देता ट्रायथलॉनची प्रॅक्टिस करत राहणं येडेपणा आहे का?

पायंडल:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचनमात्र असतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

वय ४१, खुर्चीत बसून करायची नोकरी, दोन मुलं. पोहायला ३७व्या वर्षी शिकलो, ते पण मुलीला क्लासला सोडायचो आणि तासभर काठावर बसून कंटाळा यायचा म्हणून. मग एकातून एक निघत गेलं, दोन स्प्रिंट झाल्या (७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी पळणं) आणि गेल्या वर्षी एक ऑलिंपिक डिस्टन्स, म्हणजे १.५, ४० आणि १०. नंबरबिंबर काही नाही, माझं नाव शोधायचं तर यादी खालून वाचायला घ्यावी लागते.

तर झालंय असं की या वर्षी कुठल्याच रेसला नाव द्यावंसं वाटत नाहीये. कंटाळा आला म्हणावं तर तसंही नाही, पहाटे गजर व्हायच्या आधीच डोळे उघडतात, आठवड्यातून दोनदा पोहणं तीनदा सायकल तीनदा पळणं सगळं चालू आहे, आणि खरं सांगतो आधीपेक्षा जास्त मजा येतेय. पण ग्रुपवाले म्हणतात पुढे हाफ आयर्नमॅन (याहून बरीच लांब ट्रायथलॉन) करणार नसशील तर ट्रेनिंग कसलं करतोयस, आणि ऑफिसातले तर पहिल्यापासूनच विचारतात की कशासाठी हे सगळं. वजन कमी करायला म्हणावं तर ते उतरून दोन वर्षं झाली. परवा बायकोनेही विचारलं. मी म्हटलं बरं वाटतं. ती म्हणाली, बरं तर झोपूनही वाटतं. यावर मला काही सुचलं नाही.

तुम्ही हौशी लोक का करता? आणि पुढे रेस नसेल तर हे किती दिवस टिकतं?

लॅपटाइम:
स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. नाही टिकत. मी एक अख्खं वर्ष असं "मजेसाठी" काढलंय. पहिलं काय सुटतं माहितीये? पोहणं. कारण पळायला बूट घातले की झालं, पोहायला पिशवी भरा, जा, भिजा, पुसा, परत या. मग सायकल फक्त रविवारी. मग रविवारी पाऊस. सहा महिन्यांनी मी फक्त पळत होतो आणि तेही जमेल तसं. तारीख ठरली की सगळं आपोआप जागेवर येतं, बारा आठवडे राहिले, आठ राहिले, पोटात गोळा येतो तो हवाच असतो मला.

आणि हा खेळच मुळात पैजेतून निघालाय बाबा. पोहणारा, सायकलवाला आणि पळणारा यात सगळ्यात फिट कोण असा वाद हवाईत रंगला आणि तिथल्या नौदलातल्या जॉन कॉलिन्स यांनी तीन मोठी अंतरं एकापुढे एक जोडून टाकली, १९७८ साली पहिली आयर्नमॅन झाली, १५ जण उतरले आणि १२ जणांनी पूर्ण केली. ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल आणि वर मॅरेथॉन. यातून स्पर्धा काढून टाकली तर उरतं काय?

ओलीचिंब:
उरतं की, बरंच उरतं. मी तीन वर्षं करतेय आणि यातली एकच रेस.

मला आवडतं ते सांगते. तलावात उतरलं की पहिली पाच मिनिटं भयानक असतात, पाणी छातीला लागतं आणि श्वास अर्धाच आत जातो, खाली हिरवट काळं दिसतं बाकी काही नाही. पूलसारखी तळाशी रेघ नसते त्यामुळे दर सात-आठ हातांनी मगरीसारखे डोळे वर काढून समोरचा बोया बघायचा, आणि तो आपण समजत होतो तिथे कधीच नसतो. मग कधीतरी, नेमकं कधी ते कळत नाही, श्वास बसतो. तोंड वळवलं की हवा, आत घातलं की बुडबुडे, एवढंच. त्यानंतरचा अर्धा तास मला कोणी आई म्हणत नाही, मॅडम म्हणत नाही, फोन काठावर पिशवीत पडलेला असतो. त्या अर्ध्या तासासाठी मी ही सगळी उठाठेव करते, बाकी मेडलचं काही नाही, ते लेकाने कुठेतरी टाकलं.

आणि सायकलवरून उतरून लगेच पळायची जी प्रॅक्टिस असते ना, ब्रिक, त्यात पहिली काही मिनिटं पाय दुसऱ्या कुणाचे तरी लावल्यासारखे वाटतात. मला हसू येतं दरवेळी. लोक बघतात, बघू देत.

एक मात्र आहे पायंडल, तुमच्या बायकोचा प्रश्न मला वेगळाच ऐकू आला. त्या कारण विचारत नसतील. रविवारी सकाळी चार तास तुम्ही घरात नसता तेव्हा घरचं कोण बघतं? माझ्याकडे यावरून चांगलं वाजलं होतं, आता एक रविवार माझा आणि एक नवऱ्याचा. रेस असली की निदान सांगता येतं अमुक तारखेनंतर संपेल म्हणून, तुम्ही तर संपणारच नाही असं जाहीर केलंय :)

कासवगती:
लॅपटाइम, गोष्ट बरोबर आहे पण तुम्ही मधून सुरू केलीत. त्याच्या चार वर्षं आधी, १९७४ मध्ये, सॅन दिएगोला मिशन बे इथे ट्रायथलॉन याच नावाने शर्यत झाली होती. तिथल्या धावणाऱ्यांच्या क्लबने काढली, ट्रॅकवर गोल गोल पळून जीव विटला म्हणून जरा बदल. ४६ जण आले होते. म्हणजे जन्म म्हणाल तर विरंगुळ्यातून झाला, पैज नंतर आली.

माझं वय ६३. गेल्या वर्षी पोटरी दुखावली, तीन महिने पळणं बंद. नुसता पळणारा असतो तर घरात बसून सगळ्यांवर खेकसलो असतो (थोडा खेकसलोच). पण पोहणं चालू होतं, पुढे हलक्या गिअरवर सायकलही सुरू झाली. तीन खेळ असण्याचा मला सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो, एक दार बंद पडलं की दोन उघडी असतात. मॅडोना ब्यूडर या ननबाईंनी २०१२ मध्ये ८२व्या वर्षी आयर्नमॅन पूर्ण केली, १७ तासांच्या आत. मला ते झेपणार नाही आणि करायचंही नाही, पण ८२व्या वर्षी सायकलवर टांग टाकता यावी एवढी इच्छा आहे, त्यासाठी आज टाकत राहायला हवी.

बाकी रेस हवी का? मला दोन वर्षांतून एक लागते. भूक लागते तशी लागते, ओढून ताणून आणत नाही.

ट्रायसूट_वाळत_घाला:
कशासाठी करतोस ते माहीत नाही पण रेस नसली तरी कपडे तेवढेच धुवायला पडतात, हे आमच्या घरून कळवायला सांगितलंय.

पायंडल:
सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

लॅपटाइम, तुझं पोहण्याबद्दलचं वाचून दचकलो कारण गेल्या आठवड्यात दोनाचं एकच झालं होतं. म्हणून काल मुद्दाम गेलो आणि घड्याळ घरी ठेवून गेलो, म्हटलं बघू नुसती मजा म्हणजे काय. तर मी चक्क बोटं दुमडून लॅप मोजत होतो. दहा झाल्यावर दोन्ही हातांची बोटं संपली आणि गोंधळ झाला तर चिडलो. म्हणजे आकड्यांची खाज आहेच, ती गेलेली नाही.

ओलीचिंब ताई, तुम्ही बरोबर पकडलंत. बायकोला विचारलं, ती म्हणाली कारण गेलं खड्ड्यात, शनिवारी रात्री नऊ वाजता सगळ्यांनी झोपायचं हा नियम काढ. तो काढलाय. रविवारही आलटून पालटून.

आता नवीन भानगड. ग्रुपमधल्या दोघांना रिलेसाठी पोहणारा हवाय आणि मी बोलण्याच्या भरात हो म्हणून बसलो. म्हणजे १.५ किमी पोहायचं, बाहेर येऊन पायातली वेळ मोजायची चिप सायकलवाल्याच्या पायात बांधायची आणि माझं काम संपलं. तेव्हा माझा पुढचा प्रश्न, नंतरचे दोन-अडीच तास पोहणारा माणूस करतो काय?

ओलीचिंब:
कोरडे कपडे आणि चपला त्या सायकलवाल्याच्या पिशवीत ठेवू नका. मी ठेवल्या होत्या. पिशवी गाडीत आणि किल्ली त्याच्या खिशात, तो चाळीस किमीवर.

लॅपटाइम:
म्हणजे नाव दिलंस ना शेवटी.

पायंडल:
एक तृतीयांश.