अर्धवेळ नोकरीत ठरलेल्या तासांबाहेरची कामं: नकार कसा आणि कोणत्या शब्दांत द्यावा?

अर्धी_पाळी

दुकानातलं काउंटरचं काम आहे. लेखी ठरलेले तास आठवड्याला २०, म्हणजे रोज ४ तास, ५ दिवस. प्रत्यक्षात पाळीच्या १५ मिनिटं आधी येऊन शटर उघडायचं, माल लावायचा आणि पाळी संपल्यावर २० मिनिटं गल्ल्याचा हिशोब करायचा. हा वेळ पगारात धरत नाहीत. वेळापत्रक आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर बदलतं. गल्ल्यात तूट आली की काउंटरवरच्या सगळ्यांच्या पगारातून सारखी कापतात. विचारलं की एकच उत्तर मिळतं: "थोडं ॲडजस्ट करा." नोकरी इतक्यात सोडायची नाहीये. सुरुवात कुठून करावी?

हजेरीवही

आधी आकडा काढा. १५ आणि २० मिळून रोज ३५ मिनिटं. आठवड्याला १७५ मिनिटं, म्हणजे २ तास ५५ मिनिटं. चार आठवड्यांत ११ तास ४० मिनिटं, तुमच्या जवळजवळ तीन पाळ्या. पगार २० तासांचा आणि काम जवळपास २३ तासांचं, म्हणजे ताशी मोबदला सुमारे १३ टक्क्यांनी घसरला. 'थोडं' म्हणजे किती हे समोरच्यानेही बहुधा मोजलेलं नसतं, त्यामुळे हा हिशोब समोर ठेवला की बोलण्याचा सूर बदलतो.

पण त्याआधी निदान दोन आठवड्यांची नोंद हातात हवी. शिवलेली वही घ्या, सुटे कागद नकोत. रकाने असे: तारीख, ठरलेली वेळ, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, मधली सुट्टी, जास्तीचं काम कोणी आणि कोणत्या शब्दांत सांगितलं. रोजच्या रोज लिहा. महिन्याभराचं एका बैठकीत लिहून काढलं की एकाच शाईत, एकाच ओढीत उमटतं आणि खरी नोंदसुद्धा बनावट वाटते. वेळ पुढे-मागे सरकवून गोल करू नका. ६:२२ ला निघालात तर ६:२२ च लिहा. साडेसहा लिहिलेली एक नोंद खोटी निघाली की बाकीच्या चाळीसही कोणी मानत नाही.

निळी_शाई

वरचं सगळं पटतं. माझी भर शब्दांबद्दल.

पहिली गोष्ट थेट मेसेजवर टाकू नका, आधी समोरासमोर बोला. गिऱ्हाईक नसलेली वेळ बघा, दहा मिनिटं मागून घ्या आणि एकच मुद्दा काढा. चारही तक्रारी एकदम मांडल्या की समोरचा त्यातली सगळ्यात कच्ची पकडतो आणि बाकीच्या तिथेच राहतात. तुमच्या बाबतीत सगळ्यात भक्कम मुद्दा ३५ मिनिटांचा, कारण त्याला मोजमाप आहे.

बोलणं झालं की त्याच दिवशी मेसेज किंवा ईमेल करा. साधारण असा:

"आज बोलल्याप्रमाणे, पाळीआधीची १५ आणि नंतरची २० मिनिटं धरून गेल्या दोन आठवड्यांत ५ तास ५० मिनिटं जास्तीचं काम झालं आहे. पुढच्या आठवड्यापासून हा वेळ पगारात धरावा किंवा पाळी ३५ मिनिटांनी उशिरा सुरू करावी. दोन्हीपैकी काय सोयीचं ते शुक्रवारपर्यंत कळवावं. माझ्याकडून काही चुकीचं लिहिलं असेल तर दुरुस्त करावं."

यात आरोप नाही, दोन पर्याय आहेत आणि तारीख आहे. शेवटचं वाक्य गाळू नका. त्यावर दुरुस्ती आली नाही, तर पुढे कुठे दाद मागायची वेळ आल्यावर हा मेसेज तुमच्या बाजूने बोलतो.

आदल्या रात्री बदललेल्या पाळीला उत्तर देताना कारणं देऊ नका. "उद्या घरी पाहुणे आहेत" म्हटलं की पाहुण्यांवरच चर्चा सुरू होते. "उद्या जमणार नाही. गुरुवारी ४ तास येऊ शकेन" एवढं पुरे. आणि मेसेज बघून गप्प राहू नका. गप्प राहिलं की तुम्ही होकार दिला असंच धरलं जातं.

मोजून_घ्या

गल्ल्याच्या तुटीबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि मला तोच सगळ्यात गंभीर मुद्दा वाटतो.

एका गल्ल्याला तीन जण हात लावत असतील तर तूट कोणाची हे ठरवताच येत नाही. सगळ्यांकडून सारखी कापली म्हणून ते न्याय्य होत नाही. पाळी सुरू होताना गल्ल्यातली सुरुवातीची रक्कम दोघांनी मिळून मोजायची, नोटांप्रमाणे लिहायची (कोणत्या किती), दोघांच्या सह्या घ्यायच्या. संपताना पुन्हा तेच. मध्ये कोणी सुट्टे काढले तर गल्ल्यातच चिठ्ठी ठेवायची. याला रोज जेमतेम पाच-सात मिनिटं लागतात, आणि हा वेळही पाळीतलाच धरायला सांगा.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९४९ च्या वेतन संरक्षण करारात स्पष्ट आहे की पगारातली कपात देशाच्या कायद्याने, सामूहिक कराराने किंवा लवादाच्या निवाड्याने ठरवून दिलेल्या अटींवर आणि तेवढ्याच मर्यादेत करता येते. त्याच संघटनेचा अर्धवेळ कामाचा करार १९९४ चा आहे. तुलनेच्या पूर्णवेळ कामगारापेक्षा अर्धवेळ कामगाराचा मूळ पगार ताशी हिशोबाने केवळ अर्धवेळ म्हणून कमी असू नये, हे त्याचं तत्त्व. हे करार ज्या देशांनी स्वीकारलेत त्यांनाच बांधतात, तेव्हा आपल्याकडचा कायदा कामगार कार्यालयात किंवा युनियनमध्ये विचारून घ्या. "पार्ट-टाइमवाल्यांना कायदा लागू नसतो" असं कोणी छातीठोक सांगितलं तर तिथेच मान डोलावू नका.

अर्धी_पाळी

खूप उपयोग झाला. आणखी दोन गोष्टी. "जास्तीच्या तासांचे पैसे नकोत" अशा कागदावर सही मागताहेत, आणि मूळ प्रमाणपत्रं "फाइलसाठी" जमा करायला सांगितली आहेत.

निळी_शाई

सही जागेवर करू नका. "वाचून उद्या देते/देतो, एक प्रत द्या" म्हणा. प्रत द्यायला नाही म्हणाले तर तेही वहीत लिहा. कोऱ्या व्हाउचरवर किंवा मिळालेल्या रकमेपेक्षा जास्त आकडा लिहिलेल्या पावतीवर तर कधीच नाही. सही करणं भागच पडलं तर सहीशेजारी तारीख आणि खरी मिळालेली रक्कम स्वतःच्या हाताने लिहा.

मूळ प्रमाणपत्रं दाखवायची, पडताळून झाली की त्याच बैठकीत परत घ्यायची. स्वतः साक्षांकित केलेली झेरॉक्स द्या आणि तिच्यावर आडवी ओळ लिहा: "फक्त नोकरीच्या नोंदीसाठी", खाली तारीख. ओळखपत्रं अडकवून ठेवणं आणि पगार रोखणं ही दोन्ही आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सांगितलेल्या सक्तीच्या मजुरीच्या ११ लक्षणांमध्ये येतात. इतकी गंभीर गोष्ट आहे ही.

हजेरीवही

पुराव्याचं एक राहिलं. व्हॉट्सॲपवर 'गायब होणारे मेसेज' चालू असतील तर ते २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांत उडतात. ग्रुपचं हे सेटिंग आजच बघा. चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवा, दुकानाच्या नाही. नोकरी सुटली की तो ईमेल त्याच दिवशी बंद होतो. फक्त स्वतःच्या पाळीचे आणि पगाराचे मेसेज ठेवा. गिऱ्हाइकांची नावं, नंबर, बिलांचे फोटो घरी नेऊ नका, नाहीतर उलट तुमच्यावरच तक्रार होईल.

मोजून_घ्या

आणि ही वाटाघाटीची पद्धत सगळ्या मागण्यांना लावायची नाही. न शिकवता मशीन चालवायला सांगणं, खोटं बिल करायला लावणं, एकट्याला रात्री रोकड घेऊन पाठवणं, यांवर पर्याय सुचवत बसू नका. तिथे "हे मी करणार नाही" एवढंच म्हणा आणि दहा मिनिटांत तेच लेखी पाठवा.