अंबरखान्यातला ‘अंबर’ म्हणजे आभाळ?

परवा पावणे आलेले म्हणून पन्हाळ्याला गेलो, झुणका-भाकर हाणली आणि अंबरखान्यात, म्हणजे गडावरच्या जुन्या धान्याच्या कोठारांत, शिरलो. त्यातली गंगा कोठी आतून बघितलीय का कुणी? काळोख, गारवा, 10 मीटरच्या वर उंची आणि छताच्या भोकांतनं खाली पडलेले उजेडाचे गोल. तिथं एकजण पोरांना सांगत होता, ‘भोकातनं आभाळ दिसतंय बघा, म्हणून अंबरखाना.’ पोरं खूश, मला काय पटंना. धान्याच्या कोठाराला आभाळाचं नाव कोण देईल ओ?

—

आभाळाचा काय बी संबंध न्हाई भावा. हा फारसी ‘अंबार’, म्हंजे साठा, कोठार. हिंदीत ढिगाला अंबार म्हणतात ना, तोच. पुढचं खाना म्हंजे जागा, आपल्या भवानी मंडपाजवळच्या नगारखान्यात, जामदारखान्यात, दवाखान्यात हाय तेच. आणि ती भोकं धान्य ओतायची, बाहेरच्या दगडी पायऱ्यांनी माल माथ्यावर न्यायचा आणि वरनं सोडायचा. एकट्या गंगेत 25,000 खंडी मावायचं म्हणतात, खंडी म्हंजे 20 मण, करा हिशोब. 1660 ला सिद्दी जौहरनं कैक महिने गड आवळून धरलेला, तवा असली कोठारं काय कामाची ते कळतं.

—

मग हत्तीवरची अंबारी? आणि मलिक अंबर?

—

दोन्ही वेगळे, दिसायला भाऊ वाटतात एवढंच. अंबारी अरबीतनं आलेली, छत असलेला हौदा. मलिक अंबरातला अंबर पण अरबी, पण तो सुगंधी पदार्थ. आणि पीतांबरातला अंबर संस्कृत, वस्त्र. आभाळवाला पण तोच.

—

लिहायचं काय मग, अंबारखाना का अंबरखाना?

—

अंबारखाना मुळाला धरून हाय, पण गडावर सगळे अंबरखानाच म्हणतात, तेच लिहा. उगंच शुद्ध करायला गेलात तर रिक्षावाला पण विचारंल, कुठं म्हणालासा?

—

पटलं. जाता जाता, गडावरच्याच अंधार बाव या विहिरीच्या नावातली ‘बाव’ पण फारसी का?

—

न्हाई ओ, ती संस्कृत वापी, बावडी तिचीच. बारवेवर मात्र वेगळा धागा काढा, तिथं भांडणं हायत.