दोर हाती देण्याआधी पाणी वाचायला शिकवावे
पावसाळ्यात फुगलेले ओढे ओलांडण्याच्या ट्रेक लीडरच्या प्रशिक्षणाची सुरुवात दोर बांधण्यापासून व्हावी, अशी एक सूचना पुढे आली आहे. मला मात्र हा क्रम उलटा असावा असे मनापासून वाटते. नाशिककर गोदेचा पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले यावरून जोखतो, पण ब्रह्मगिरीच्या पायथ्याच्या ओढ्यावर अशी खूण नसते, म्हणून शिकाऊ लीडरला काठावरच्या एखाद्या दगडावर नजर ठेवून पाणी चढते आहे की उतरते आहे हे अर्धा तास नुसते बघायला लावावे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे जोराचे गुडघाभर पाणीही धडधाकट माणसाला पाडू शकते. पाण्यात उतरण्याची जागा ठरवताना प्रवाहाच्या खालच्या बाजूला काय आहे, म्हणजे धबधबा, झाडोरा किंवा अरुंद घळ, हे आधी चालत जाऊन पाहावे.

सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडावेत, बूट मात्र पायातच ठेवावेत. पडल्यास उभे राहण्याची धडपड न करता, कारण दगडांच्या फटीत पाय अडकला की प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबतो, उताणे होऊन पाय पुढे आणि वर ठेवावेत. कमरेला पक्की गाठ मारलेला दोर ताणला गेला तरी प्रवाह माणसाला असाच पाण्याखाली दाबतो. आमच्या सरावात एका मुलाची अशी गाठ मला काठावरच सोडवावी लागली होती. सह्याद्रीतले लहान ओढे पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत उतरतात, आणि तेवढे थांबण्याचा निर्णय गटाला ठामपणे सांगता येणे हाही परीक्षेचा भाग असावा.